मुलुंडहून कुंदगोळला, मिरजमार्गे

आत्याचा तानपुरा आमच्याकडे मुलुंडला आला तेव्हा तो गुंजत नव्हता, नुसता टणटणत होता. जवारी गेली होती. मुंबईत हे काम करणारे आहेत, पण आत्याने फर्मान काढलं, "जिथे घडला तिथेच ने." म्हणजे मिरजेला. निघायच्या दिवशी पहाटे लक्षात आलं की आमच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे आणि जवळजवळ पाच फुटांच्या तानपुऱ्याला मावेल अशी जागा एकच, माणसाची. शेवटी पुढची डावी सीट आडवी केली, भोपळा मागच्या सीटवर गोधडीत बसवला, त्याला पट्टा लावला. नवरा उरलेल्या कोपऱ्यात पाय दुमडून बसला. खालापूरला चहाला थांबलो तर शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून हळू आवाजात विचारलं, "कोणी आजारी आहे का हो?"

त्यानंतर तो रस्ता मी तीनदा केला. दर वेळी परत आल्यावर सोसायटीतलं कोणीतरी म्हणतं, "प्लॅन पाठव ना." तो हा प्लॅन, पण आधी एक कबुली. पहिल्या वेळी मी चार दिवसांत चौदा ठिकाणांची यादी केली होती. त्यातली नऊ झाली आणि बहुतेक ठिकाणी आमचा पाटीसोबतचा फोटो तेवढा आला. या वाटेवर बघण्यासारखं तसं थोडंच आहे. एक बंद वाडा, एक कबर, भुशाने भरलेलं एक दुकान. ऐकण्यासारखं मात्र इतकं आहे की एक आठवडा पुरत नाही. म्हणून इथे 'पॉइंट' मोजू नका. कोण कधी भेटेल, गाणं कुठे कधी असतं आणि दोन गावांच्या मधल्या तासात गाडीत काय लावायचं, एवढं ठरवा.

सातारा, मिरज, कोल्हापूर, धारवाड ही रेघ गाण्याची का झाली? एक कारण म्हणजे संस्थानं. औंध, सांगली, मिरज, कुरुंदवाड, कोल्हापूर अशी थोड्या थोड्या अंतरावर दरबारं होती आणि गवयाला एका ठिकाणी बिदागी थकली तर पुढचं गाव बैलगाडीच्या अंतरावर होतं. दुसरं कारण नाटक कंपन्या आणि तिसरं रेल्वे. म्हैसूरच्या दरबाराकडे निघालेले उत्तरेचे उस्ताद याच मार्गाने जायचे, वाटेत राहायचे, शिकवायचे. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे आजची सीमा त्यांच्या आड येत नव्हती. तुमच्या आड येऊ शकते, पण ते पुढे.

आधी महिना ठरवा. जुलै-ऑगस्टात जाऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद होता आणि सांगलीत घरांत पाणी होतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तानपुऱ्याचं काय होतं ते विचारू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, एका अटीवर. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम असतो. पेठ नाक्यापासून सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूरपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा सोडाच, लाल फडकंही नसतं. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. या सबंध लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा.

जमलं तर तारीख एखाद्या उत्सवाशी जुळवा. अश्विन वद्य पंचमीला, म्हणजे कोजागिरीनंतर पाच दिवसांनी, साताऱ्याजवळच्या औंधला संगीत महोत्सव असतो. अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ तो १९४० मध्ये सुरू केला आणि गावाने तो टिकवला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गायन-वादनाच्या मैफली होतात. उरुसाची तारीख चंद्रावर ठरते, ती आधी विचारून घ्या. त्या दिवसांत मिरजेत खोली मिळणं कठीण, सांगलीत राहा, अंतर दहा किलोमीटरच आहे.

आता निघणं. मुलुंडकरांनी ऐरोली पूल धरावा, ठाणे-बेलापूर रस्त्याने सायन-पनवेल हायवेला लागावं. घाटकोपरकरांना मानखुर्द लिंक रोडवरून वाशी सोपं. अंधेरी-बोरिवलीकरांनी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्वेला यावं, पण पहाटे पाचच्या आत, नाहीतर कळंबोलीच्या आधीच दोन तास जातील. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींना टोल नाही, तेवढा आनंद. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला असेल तर तो खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी या राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चालत नाही, तिथे फास्टॅगमध्ये पैसे हवेतच. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत. चलान घरी येतं आणि सहलीचा खरा खर्च महिनाभराने कळतो. साताऱ्यापुढे कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामांनी वळणं आणि धूळ दिली आहे, म्हणून नकाशा जितका वेळ दाखवेल त्यात तासभर मिळवा. सीएनजीवाल्यांनी टाकी भरायचं निमित्त मिळेल तिथे साधावं, रांगेत 'अजून पुढे बघू' म्हणू नये.

पहिला मुक्काम साताऱ्याला किंवा औंधलाच. एक सावधगिरी: मोबाईलच्या नकाशात नुसतं 'औंध' टाकाल तर तो तुम्हाला पुण्यातल्या औंधला, विद्यापीठाच्या बाजूला नेऊन सोडेल. आमचं झालं आहे. 'औंध, तालुका खटाव' असं टाका. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे तासाभराचा रस्ता आहे. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेतच, पण हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे दगडी शिल्प खटावच्या माळरानावर बघताना आपण नेमके कुठे आहोत हे क्षणभर कळत नाही. औंधच्या याच राजाने, भवानरावांनी, १९३९ च्या सुमारास आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. महोत्सव सुरू करणाऱ्या अंतूबुवांचे चिरंजीव म्हणजे गजाननबुवा जोशी, गाणं आणि व्हायोलिन दोन्हींवर हुकूमत असलेले. गाडीत त्यांचं व्हायोलिन लावा. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, निघण्याआधी फोन करा.

औंधहून सांगलीला परत महामार्गावर न जाता विटा-तासगाववरून जा. द्राक्षांचे मांडव, मध्येच बेदाणे वाळवायच्या शेड. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून मोजतात. गणपती मंदिर बघा, भडंग घ्या आणि पुढे निघा. सांगलीकर रागावतील, पण माझा जीव मिरजेत अडकला आहे.

मिरजेला अख्खा दिवस द्या. सतारमेकर गल्लीत सकाळी दहानंतर जा आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका. बरेच कारागीर नमाजाला गेलेले असतात आणि तुम्ही बंद फळ्यांसमोर उभे राहता (चौदांच्या यादीत हेही होतं). ही घराणी मुळात शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचं काम उतरणीला लागलं तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि गल्लीचं नावच बदललं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकान म्हणजे लांबट खोली. छताला टांगलेले वाळके भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. खाली भुशात बसून कोणी दांडी रंधतोय, कोणी तबलीवर चपड्याचं पॉलिश मारतोय. आम्ही गोधडी सोडली. म्हाताऱ्या कारागिरांनी तानपुरा मांडीवर घेतला, तारा छेडल्या आणि पहिला प्रश्न केला, "स्वर कोणता?" मी म्हटलं, "काळी चार." त्यांनी चारही तारा मिळवल्या आणि मग घोडी बघितली. तारा जिथे टेकतात तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने बारीक खाचा पडल्या होत्या. कानशीचे दोन हात, फुंकर, पुन्हा तारा, पुन्हा छेडणं. कानशी चालायची मोजून दोन-तीनदा, ऐकणं मात्र मिनिटं-मिनिटं चालायचं. मग प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेला, केसभर मागे, केसभर पुढे. खरजाची तार आधी मेल्यासारखी होती. दोरा एका जागी आला आणि ती अचानक उघडली, दार उघडल्यासारखी. खोलीतल्या पोराने हातातला रंधा थांबवला. कारागिरांनी वर बघितलं नाही, पुढची तार धरली.

दुरुस्ती एका बैठकीत होऊ शकते, नवा तानपुरा नाही. विकत घ्यायचा असेल तर आपला स्वर ठरवून जा. पुरुषी आणि बायकी तानपुऱ्याचं माप वेगळं असतं, आणि 'मुलगी अजून शिकतेय, कोणताही द्या' म्हटलंत तर कोणताही मिळेल. नक्षीवर पैसे घालू नका. सोबत ज्याचा कान तयार आहे असं माणूस न्या. ऑर्डर देऊन या आणि तयार झाल्यावर पुन्हा जा, नाहीतरी पुन्हा जावंसं वाटणारच आहे. दुकानात नुसतं बघायला गेला असाल तर तसं सांगा, कोणी हाकलत नाही. फोटो विचारून काढा. आणि परतताना तारा थोड्या सैल करा, दुपारी जेवायला थांबलात तर वाद्य बंद गाडीत उन्हात ठेवू नका, सांधे सुटतात. आम्ही दर ढाब्यावर आळीपाळीने जेवलो.

संध्याकाळी दर्ग्यात जा. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेत, पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनात गेले, त्यांना मिरजेत आणून याच आवारात दफन केलं. उरुसात ते इथल्या चिंचेखाली गायचे. डोकं झाकून, चपला काढून, दहा मिनिटं नुसतं बसा. त्यांच्या ७८ गतीच्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. झिंझोटीतली ठुमरी इथे पोचायच्या आधी नको, दर्ग्यातून बाहेर पडल्यावर गाडीत बसून ऐका, इंजिन बंद ठेवून. ही तबकडी गदगच्या बाजूच्या एका पोराने दुकानात ऐकली आणि अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, गुरू शोधायला घरातून पळाला. तो भीमसेन जोशी.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला सरळ जाऊ नका. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर असा वळसा घ्या. कुरुंदवाडला १८७२ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे गेल्यासारखे झाले, शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हे बाळकृष्णबुवा. पुढे १९०१ मध्ये लाहोरला पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तुमच्या इमारतीतली जी मुलं 'प्रवेशिका', 'विशारद' करतात त्यांच्या परीक्षांचं मूळ तिथे आहे. त्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाची एक इमारत वाशीला आहे, म्हणजे सहल सुरू होऊन तासही झाला नव्हता तेव्हा तुम्ही तिच्याजवळून गेलात. मुलांना हे कुरुंदवाडच्या घाटावर सांगा, क्लासमध्ये सांगून काही होत नाही.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांचं, बाराव्या शतकातलं. ४८ खांबांचा स्वर्गमंडप, वर छताच्या जागी मोकळा गोल आणि त्यातून आकाश. शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही. सकाळी जा, उन्हाचा गोल फरशीवर सरकताना दिसतो. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बघायला इतकी गर्दी होते की चंद्र तेवढा दिसतो. येताना वाडीची बासुंदी खा. मात्र गाडी चालवणाऱ्याने एकच वाटी घ्यावी, पुढे झोप येते.

कोल्हापूर तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, कारण अंबाबाई आणि तांबडा-पांढरा झालेला असतो. या वेळी देवल क्लब या संगीत संस्थेत त्या आठवड्यात काय आहे ते विचारा. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांसोबत जी तबकडी अंतराळात सोडली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. खासबाग मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनीच बांधलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. आम्ही गेलो तेव्हा पत्रे लावलेले होते आणि समोरच्या चहावाल्याने न विचारता सगळी हकीकत सांगितली, कुठल्या बाजूने लागली, कोण कोण रडत होतं. चहाचे पैसे घ्यायचे तो विसरला.

चारच दिवस असतील तर इथून परत फिरा. सीमा ओलांडून घाईने धारवाड करण्यात अर्थ नाही.

सहा-सात दिवस असतील तर कागल, निपाणी, बेळगाव. पाट्यांवर बेळगावी आणि हुब्बळ्ळी असेल, २०१४ पासून तीच अधिकृत नावं आहेत. स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला सीमेसाठी वेगळा कागद लागत नाही, भाड्याच्या गाडीला परमिट लागतं, ते आधी बघा. बेळगावात डिसेंबरमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा किंवा १ नोव्हेंबरच्या आसपास सीमाप्रश्न तापलेला असेल तर चार दिवस पुढे-मागे करा. एमएच पाटीच्या गाड्यांना त्रास झाल्याचे प्रसंग घडले आहेत. एरवी आम्हाला प्रेमाशिवाय काही मिळालं नाही. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. कुंदा घ्या.

धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर यांचं 'मृत्युंजय' हे घर आता स्मारक आहे. मन्सूर इथल्याच मन्सूर गावचे. मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर शिकले आणि नंतर अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे. म्हणजे गेले तीन दिवस तुम्ही ज्या गावांतून आलात तीच त्यांची शाळा. आदल्या रात्री त्यांचा एखादा लांब ख्याल ऐका, मग घर बघा. साधनकेरीला द. रा. बेंद्र्यांचं घर आहे. घरात मराठी बोलणारा हा कवी कन्नडमध्ये लिहून ज्ञानपीठापर्यंत गेला. आणि जी. ए. कुलकर्णी याच गावात कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले, हे आठवून संध्याकाळी गावात फिरा. जेवायला खानावळ शोधा, तोच शब्द तिथेही चालतो. जोळद रोट्टी, एण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी. पेढ्याची रांग लांब असते, लागायचं.

शेवटचं गाव कुंदगोळ, हुबळीहून वीसेक किलोमीटर. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, इथले. नाडगीर वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेब उतरत, रामभाऊ त्यांचे शिष्य. रामभाऊंकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून रोज आगगाडीने येत आणि भीमसेन घरी राहून पाणी भरत. वाडा खासगी आहे, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. आम्हाला आत बोलावलं नाही, पाणी मात्र दिलं. जवळच चालुक्यकालीन शंभुलिंग मंदिर आहे, गावात कोणालाही विचारा. हुबळी-कुंदगोळ हा टप्पा जमल्यास गाडी हुबळीत ठेवून रेल्वेने करा, वेळापत्रक बघून. गंगूबाईंच्या वाटेने गेल्यासारखं होतं आणि चालवणाऱ्यालाही खिडकी मिळते.

परतीचं अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. एका दिवसात होतं असं सांगणारे भेटतील, त्यांच्या गाडीत बसू नका. कराडला किंवा साताऱ्याला रात्र काढा. खंबाटकीला येताना बोगदा लागेल. रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर सापडलात तर लोणावळ्याच्या अलीकडे तासभर उभे राहाल. सोमवारी दुपारी आलात तर ऐरोलीचा पूल मोकळा मिळतो, त्यासाठी एक रजा खर्च करावी. तानपुरा घरी आणल्या आणल्या मिळवायला बसू नका. देशावरच्या कोरड्या हवेतून तो मुलुंडच्या दमट हवेत आला आहे, एक रात्र खोळीतच पडू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा बंद करून आधी खरज लावा.